उतरलेला पंचम

तानपुऱ्याच्या गवसणीवर धूळ दिसली, म्हणून मला कळलं. रविवारी पुसायच्या वस्तूंची माझी एक यादी आहे. तानपुरा तिच्यात नाही, कारण तो रोज बाहेर निघतो आणि रोज निघणाऱ्या वस्तूवर धूळ बसत नाही. त्या रविवारी गवसणीवरून बोट फिरवलं तर रेघ उठली.

सासऱ्यांना विचारलं, तर पेपरातून वर न बघता ते म्हणाले, "तार तुटली."

"कुठली?"

"पंचमाची. दुसऱ्यांदा."

सासरे शाळेत संगीत शिकवायचे. नागरवाड्यातलं भाड्याचं घर सोडून ते आमच्याकडे तरसालीला आले, तेव्हा लांब पडतं म्हणून बरेच विद्यार्थी सुटले. उरल्या त्या बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई. दर गुरुवारी सकाळी दोन वाहनं बदलून त्या यायच्या. गेले दोन गुरुवार सासऱ्यांनी अंग मोडून आलंय असं सांगून त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं. ताप मात्र मी मोजला नव्हता, कारण मला कोणी सांगितलंच नव्हतं.

"बस जरा," ते म्हणाले. पेपराची घडी घातली. "माझा कान गेला."

मग सगळं सांगितलं. पंचमाची तार लावायला घेतली की तिच्या खाली आणखी एक पंचम ऐकू येतो, उतरलेला. आपलीच तार उतरली असं वाटून ते खुंटी पिळत, तरी खालचा तो सूर हलत नसे. शेवटी तार तुटायची. तानपुरा ठेवून आडवं झालं तरी तो कानात असायचाच. भाजी आणायला जातो असं सांगून ते मांडवीजवळच्या कानाच्या डॉक्टरांकडे एकटेच जाऊन आले होते.

"काय म्हणाले?"

"वयाच्या मानाने उत्तम आहे म्हणाले. वयाच्या मानाने गाता येत नाही."

येत्या गुरुवारी बाईंना सांगून शिकवणं थांबवायचं आणि तानपुराही त्यांनाच देऊन टाकायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. "आणि याला सांगू नकोस," ते माझ्या नवऱ्याबद्दल म्हणाले, "तो लगेच उपाय करायला लागेल."

मी मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. आमच्याकडे कुठलीही तक्रार आली की पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात: कधी आणि कुठे. मी वहीचं एक पान फाडून त्यावर रकाने आखले आणि त्यांच्या उशाशी ठेवलं. आवाज ऐकू आला की वेळ आणि जागा लिहायची, नाही आला तरी लिहायचं.

"कानाची हजेरी घेतेस का सूनबाई?"

"घेते. खाडे लिहायला विसरू नका."

मंगळवारी दुरुस्तीसाठी आमच्या भागातली लाइट दहा ते एक बंद होती. संध्याकाळी कामावरून आल्यावर पान वाचलं. सकाळी सात, खोलीत, आहे. आठ, बागेत, नाही. साडेनऊ, खोलीत, आहे. साडेअकरा, खोलीत, लाइट नाही, नाद नाही. दोन, खोलीत, आहे.

त्यांनीच लिहिलं होतं आणि त्यांच्याच लक्षात आलं नव्हतं. मी ती ओळ दाखवली.

"बाबा, लाइट गेली की कान बरा होतो का कोणाचा?"

त्यांनी पान लांब धरून वाचलं, मग जवळ धरून वाचलं. "योगायोग असेल," म्हणाले, पण पान परत दिलं नाही.

नवरा ऑफिसमधून आल्यावर त्यालाही सांगावं लागलं. आम्ही विजेवर चालणाऱ्या सगळ्या वस्तू एकेक करून बंद करत गेलो आणि सासरे त्यांच्या खोलीतून ओरडून सांगत राहिले. फ्रिज बंद: आहे. ट्यूबलाइट: आहे. पंखा: आहे. हॉलमधला ॲम्प्लिफायर बंद केला आणि आतून आवाज आला, "गेला."

नवऱ्याचा चेहरा पडला. नुकत्याच झालेल्या दिवाळीत त्याने स्वतःच्या हाताने एक कॉम्प्युटर जुळवला होता. तो टीव्हीला जोडला, केबलची वायर आत घ्यायला एक कार्ड बसवलं, मालिका त्यावर रेकॉर्ड होऊ लागल्या. आवाजासाठी पाच लहान स्पीकर आणि ढमढम वाजणारा एक मोठा खोका. ॲम्प्लिफायरचं बटण मागच्या बाजूला होतं, त्यामुळे तो दिवसरात्र चालूच राहायचा.

"माझ्या सिस्टिममध्ये आवाज नाही. मी रोज ऐकतो."

"तुम्ही रोज मारामारी ऐकता," मी म्हटलं. "तिच्यात काय कळणार?"

मोठा खोका हॉलच्या कोपऱ्यात भिंतीला टेकलेला होता आणि त्याच भिंतीच्या पलीकडे सासऱ्यांच्या खाटेचं उसं होतं. मी ॲम्प्लिफायर चालू करायला सांगून त्यांच्या खोलीत गेले आणि भिंतीला कान लावला. बारीक, सलग घूं. हॉलच्या मध्यावर उभं राहिलं तर काही नाही, इथे मात्र स्पष्ट.

"बाबा, आहे. मला ऐकू येतोय."

"मी केलेली कढी पण तू छान झाली म्हणतेस," ते म्हणाले.

म्हणजे त्यांना वाटलं मी समजूत काढतेय. मशीनमध्ये आवाज आहे एवढं सापडून भागणार नव्हतं. त्यांचा कान खरा आहे हे त्यांना स्वतःला पटायला हवं होतं. आणि गुरुवार परवावर आला होता.

बुधवारी सकाळी नवऱ्याने इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने कॉम्प्युटरच्या प्लगकडे पाहिलं आणि म्हणाला, "बेन, त्रीजी पिन काढी नाखो." अर्थिंगची तिसरी पिन काढून टाकली आणि खरंच, घूं थांबली. नवरा खूश. "चालशे," म्हणाला. चालेल अशा अर्थाचा हा गुजराती शब्द आमच्या घरात मराठीच समजला जातो आणि त्यावर मी कधीच विश्वास ठेवत नाही. मी बोटाची मागची बाजू कॉम्प्युटरच्या पत्र्याला लावली. झिणझिण्या आल्या.

"पिन परत लावा," मी म्हटलं.

"आवाज गेला ना पण!"

"उद्या हात लावणारा जाईल."

पिन परत लागली आणि तिच्याबरोबर घूंही परत आली. एक मात्र कळलं, की दोष कुठल्या वस्तूत नव्हता. अर्थिंग दोन वाटांनी येत असावं आणि त्या दोन वाटांच्या मधून आवाज वाहत असावा. एक वाट प्लगची. दुसरी कुठली तरी वायर.

संध्याकाळी मी प्लगची आणि ॲम्प्लिफायरची वायर सोडून कॉम्प्युटरच्या बाकी सगळ्या वायरींना चिकटपट्टीवर लिहून नंबर लावले. सात झाल्या. त्याच वेळी मला हेही सुचलं की एका कामात दोन कामं होतील. सासरे खोलीत बसतील, दार बंद. नवरा माझ्या खुणेनुसार एकेक वायर काढेल, पुन्हा लावेल, मध्येच नुसती खडखड करून काहीच काढणार नाही. मी दार ठोठावायचं, त्यांनी फक्त "आहे" किंवा "नाही" म्हणायचं. आम्ही काय केलं ते त्यांना सांगायचं नाही.

"परीक्षा घेताय म्हाताऱ्याची," ते म्हणाले, पण आत जाऊन बसले.

वीस वेळा दार ठोठावलं. मी दोन रकाने भरत गेले, डावीकडे आम्ही काय केलं ते आणि उजवीकडे ते काय म्हणाले ते. पाचव्या खेपेलाच मला दिसू लागलं होतं, तरी मी पुढे चालू ठेवलं. सोळाव्या वेळी नवऱ्याने काहीही काढलं नाही, नुसती खुर्ची सरकवली. आतून आवाज आला, "आहे, आहे. खुर्ची कशाला फिरवतोस?"

दार उघडून मी वही त्यांच्या हातात दिली. चार नंबरची वायर, म्हणजे खांबावरून गच्चीवरून येणारी केबलची वायर, जेव्हा जेव्हा बाहेर होती, तेव्हा तेव्हा ते "नाही" म्हणाले होते. बाकी प्रत्येक वेळी "आहे." वीसपैकी एकही चूक नव्हती.

त्यांनी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचलं. मग चष्मा काढून पुसला आणि परत घालायचं विसरले.

"विजेचा आवाज आहे हा, बाबा," नवरा म्हणाला. "सगळीकडे एकाच सुरात असतो."

"सूर मला सांगू नकोस. तीव्र मध्यमाच्या वर आणि पंचमाच्या खाली, मध्येच अडकलाय." मग स्वतःशीच, "तार बरोबर होती माझी. मी उगाच पिळत होतो."

मी त्यांच्या खाटेवर बसले. तीन दिवस मी पाय रोवून उभी होते, ते आता कळलं.

राहिला प्रश्न वायरीचा. केबल कायमची काढायला नवरा तयार नव्हता. वायरीतून चित्र यावं पण धातूला धातू लागू नये, अशी सोय हवी होती. तो विचार करत म्हणाला, "जुन्या अँटेनाच्या चपट्या वायरीला जोडायच्या त्या छोट्या डब्या असायच्या ना, त्यांच्या आत नुसती तारेची, एकमेकांना न लागणारी वेटोळी असतात. दोन डब्या तोंडाला तोंड लावून जोडल्या तर जमेल. पण आता कुठे मिळणार."

मी माळ्यावरच्या डब्यांची यादी काढली. डबा सात, अँटेनाचे सुटे भाग. नागरवाडा सोडताना मी हा डबा घेतला, तेव्हा नवरा म्हणाला होता की तुझी यादी भंगारवाल्याला चालवायला दे.

"भंगारवाल्याला विचारून येऊ का?" मी म्हटलं.

तो शिडी घेऊन आला.

डब्या बसल्या. दोन चॅनलवर चित्रात थोड्या मुंग्या आल्या, बाकी सगळं ठीक. अर्थिंगची पिन जागेवर, पत्र्याला हात लावला तर काही नाही. मी भिंतीला कान लावला. भिंतीसारखी भिंत. सासऱ्यांच्या उशाशी पान होतं, त्यावर त्यांनी शेवटची ओळ लिहिली होती: बुधवार, रात्री आठ, लाइट आहे, नाद नाही.

गुरुवारी बाई आल्या तेव्हा तानपुरा गवसणीतून बाहेर होता. सासऱ्यांनी पहाटेच उठून पंचमाची नवी तार चढवली होती. बाई बसल्या, पदर सावरला आणि जरा चाचरत म्हणाल्या, "सर, फोनवर म्हणाला होतात, काहीतरी महत्त्वाचं सांगायचंय."

मी चहा घेऊन दारात होते. सासरे खुंटीवर हात ठेवून ऐकत होते. तार छेडली, एक केसभर उतरवली, पुन्हा छेडली.

"हो," ते म्हणाले. "दोन गुरुवारचं बुडलंय. पुढच्या वेळी अर्धा तास लवकर या."