कमल थापाचा हेल

कमल थापा कांजूरमार्गच्या चाळीत जन्मली आणि तिथल्याच मराठी शाळेत शिकली. बाप काशीराम तरुणपणी नेपाळहून आला आणि एका कारखान्याच्या कँटीनमध्ये चपात्या लाटता लाटता म्हातारा झाला. आई लवकर गेली. पोरगी वाढली ती शेजारच्या रत्नप्रभाकाकूच्या पदराखाली. काकू वेंगुर्ल्याची, गिरणी कामगाराची बायको. तोंडाने फटकळ, हाताने सढळ. तिच्या संगतीत कमलच्या मराठीला मालवणी हेल चढला तो कायमचा. चाळीत कुणाला त्याचं नवल नव्हतं. गणपतीत फुगडीची गाणी उचलून धरायची ती कमलनेच, आणि बाजारात कोळणीशी हुज्जत घालायलाही बायका तिलाच पुढे करायच्या.

बी.कॉम. झाली, आणि मुलुंडला डॉक्टर गंधालीबाईंच्या दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनिस्ट हवी असल्याचं कळलं. बापाचे गुडघे गेले होते, घर आता तिच्यावरच चालायचं होतं. तिने फोन लावला. नाव सांगून दोन वाक्यं बोलली असेल-नसेल, तर बाई खूश!

"कोकणातली ना गं तू? काय गोड हेल आहे! माझी आजी अश्शीच बोलायची."

"काकू वेंगुर्ल्याची आहे आमची," कमल म्हणाली. त्यात खोटं काहीच नव्हतं.

"तरीच! पेशंटना अगदी घरचं वाटेल. सोमवारी ये, लगेच सुरू कर."

आडनाव विचारायची बाईंना गरज वाटली नाही. आपल्यातली म्हणून त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

सोमवारी कमल इस्त्रीचा ड्रेस घालून हजर झाली. गंधालीबाईंनी तिचा चेहरा पाहिला, मग आडनाव विचारलं, आणि ओठांवरचं हसू तिथल्या तिथे आटलं.

"तसं काही नाही गं, पण दिवसभर फोनवर बोलायचं काम आहे. तुझा ॲक्सेंट जरा नेपाळी वाटतो. पेशंटना कळायला हवं ना."

म्हणजे फोनवर आजीचा असलेला हेल दारात नेपाळी झाला! शिकायचं, दारावर पदव्यांची पाटी लावायची, आणि डोक्यात हे शेण.

"मॅडम, हा हेल वेंगुर्ल्याचा आहे. फोनवर तुम्हीच तर ओळखलात."

बाईंनी ते ऐकलंच नाही. उलट आवाजात मध घालून म्हणाल्या, "एक काम कर ना. आमच्या सोसायटीला वॉचमन हवाय. तुझा भाऊबिऊ आहे का कोणी? तुमची माणसं फार प्रामाणिक असतात. मी शब्द टाकते, इंटरव्ह्यूसुद्धा नको."

"नको," एवढं म्हणून कमल बाहेर पडली आणि थेट काकूच्या दारात आली.

काकू भाकऱ्या थापत होती. सगळं ऐकून तिने आधी गंधालीबाईंच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग तिचा हात परातीतच थांबला आणि डोळ्यांना पाणी आलं.

"माझ्याच बोलण्यान तुझो घात केल्यान गो बाय! मीच तुका असा बोलूक शिकवलंय."

कमलने तिचे पिठाचे हात धरले.

"काकू, तुझा बोलणा फोनार पास झाला हुता. नापास झाला ता माझा थोबाड."