हंबीररावांचा चौथा रकाना

इस्लामपुरात माझा संगणकाचा क्लास आहे. क्लास म्हणजे मुलांना टायपिंग आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकवायचं, असं माझं मत. गावाचं मत वेगळं. गावाच्या मते ज्याच्याकडे संगणक आहे त्यानं कुणाच्या मोबाईलचं कुलूप उघडावं, कुणाचा सातबारा काढून द्यावा आणि कुणाच्या टीव्हीचा आवाज का येत नाही तेही सांगावं. त्यामुळे हंबीरराव एका सकाळी दारात चपला काढून आत आले आणि म्हणाले, "वसीम, एक सॉफ्टवेअर दाखीव," तेव्हा मी कपाळाला हात लावूनच विचारलं, "आबा, कसलं?"

"मला घरातनं हलू देईल असलं."

हंबीरराव फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि शेततळ्यांना कागद घालायच्या धंद्यात पडले. शेतात मोठं तळं खणलं की त्यातलं पाणी मुरून जाऊ नये म्हणून तळाला आणि कडांना जाड प्लास्टिकचा कागद अंथरतात आणि त्याचे पट्टे मशीननं तापवून एकमेकांना जोडतात. आटपाडीकडच्या डाळिंबवाल्यांना हे काम हवं असतं, पलूसकडच्या द्राक्षवाल्यांना हवं असतं, आणि सगळ्यांना पाऊस यायच्या आधी एकदमच हवं असतं. टोळी लहान. धनाजी तळ्याचं माप घेतो आणि कडा साफ करून घेतो. इमाम मशीन चालवतो. रेश्मा ऑफिसात बसून बिलं करते. बाकी दोन-तीन गडी. आणि या सगळ्यांच्या मधोमध आबा आणि त्यांचा फोन.

तो फोन जेवताना वाजे, देवळात वाजे, न्हाव्याकडे अर्धी दाढी झाल्यावर तर हमखास वाजे. कुणी कुठं जायचं, कागद कुठं उतरायचा, मशीन कुणाकडं आहे, सगळं आबांना विचारूनच. आणि आबांची एक खोड होती. त्यांना नाही म्हणता येत नसे.

"आबा, उद्या मशीन येतंय न्हवं?"

"आलं म्हणून समजा!"

मशीन त्या वेळी दुसऱ्याच तालुक्यात दुसऱ्याच तळ्यात असायचं. पण आबा खोटं बोलत होते असं म्हणायला माझी जीभ धजत नाही. आमच्याकडं दारी आलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं म्हणजे त्याला जेवत्या ताटावरून उठवणं. 'झालं म्हणून समजा' म्हणायचं, चहा पाजायचा आणि मग काम होईपर्यंत त्याची नजर चुकवायची, ही आमच्याकडची माणुसकी आहे. माझाही क्लासचा पंखा 'दुरुस्त झाला म्हणून समजा' या अवस्थेत दोन उन्हाळे होता.

तर या आबांना घरातून का हलायचं होतं? शालूबाई काकींमुळे. आबा काश्मिरात असताना काकी इथं सासू-सासरे आणि ऊस सांभाळत राहिल्या. आबा सुट्टीवर आले की बर्फाच्या गोष्टी सांगत. दार उघडलं की सगळं पांढरंधोट, चाललं की पायाखाली कुरकुर आवाज, वगैरे. निवृत्त झालो की तुला नेतो, गेलो म्हणून समज, असंही सांगत. निवृत्त झाल्याला आता बरीच वर्षं लोटली होती. तेवढ्यात डॉक्टरांनी काकींना सांगितलं, पावसाळा झाला की दोन्ही गुडघे बदलावे लागतील. काकी घरी आल्या आणि आबांच्या ताटात भाकरी वाढता वाढता म्हणाल्या, "गुडघं माझं हायती तवर मला बर्फावर चालायचंय. लोखंडाचं घालून न्हाई."

म्हणजे जायचं तर बर्फ वितळायच्या आत, मे महिन्यात. आणि मे महिना म्हणजे तळ्यांचा ऐन हंगाम. आबा माझ्याकडं आले ते या कात्रीत सापडून.

मग आबांनी धनाजी-इमामलाही क्लासवर बोलावून घेतलं आणि आम्ही सॉफ्टवेअर बघायला बसलो. आबांनी जन्मात बैल आणि ट्रॅक्टर याखेरीज मोठी खरेदी केलेली नव्हती, त्यामुळे खरसुंडीच्या बाजारात खिलार बैल बघतात तशी त्यांची चौकशी सुरू झाली. मालक कोण? कुठला? "आन् ह्ये आदुगर कुणाकडं हुतं? त्येनं का सोडलं?" मी सांगितलं की आबा, हे एकाच वेळी हजारो लोक वापरतात. ते ऐकून त्यांचा चेहरा उतरला. हजार जणांनी हाकलेला बैल कोण घेतो?

पहिल्यात कामांच्या रंगीत पट्ट्या आडव्या पसरलेल्या होत्या. धनाजी डोळे बारीक करून म्हणाला, "दिसाय लय झ्याक हाय, पर बघायचं कुठनं?" इमामनं त्याहून मुद्द्याचं विचारलं, "ह्ये भरत बसायला एक माणूस लागंल, मग कागद कोण जोडणार?" पहिलं गेलं.

दुसऱ्यात भाडं डोईमागं होतं. आबांनी घासाघीस करायची ठरवली. मी म्हटलं, कुणाशी करता? तर पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट उघडली आणि तिच्यात अक्षरं उमटली, 'नमस्कार, मी आपली काय मदत करू?' आबा खुर्ची पुढं ओढून बसले. "आधी ईचार, जेवला का."

"आबा, ते माणूस नाहीये."

"तू ईचार तर."

मी विचारलं. उत्तर आलं, 'क्षमा करा, आपला प्रश्न समजला नाही. कृपया खालीलपैकी एक पर्याय निवडा.'

आबा उठलेच. "जेवला का, एवढं ज्येला समजंना, त्येच्या हवाली माझी माणसं करू व्हय?" दुसरंही गेलं, आणि खरं सांगतो, या बाबतीत मला आबांचंच पटलं.

तिसरं अगदी साधं निघालं. पडद्यावर शाळेतल्यासारखा एक फळा आणि त्यावर तीन रकाने, करायचं, चालू आहे, झालं. प्रत्येक तळ्याचं एक कार्ड. काम पुढं गेलं की कार्ड बोटानं पुढच्या रकान्यात सारायचं. सगळं मराठीत, सगळ्यांच्या फोनवर, आणि लहान टोळीला फुकट. मालक कुठला हे विचारायचं आबा विसरले आणि मी आठवण केली नाही.

आठवड्याभरात त्या फळ्यानं कमाल केली. कार्डं भराभर उजवीकडं सरकायला लागली. 'झालं'चा रकाना असा भरला की बोटानं खाली ओढता ओढता अंगठा दुखावा. आबा तो रकाना न्हाव्याला दाखवत, पेट्रोल पंपावर दाखवत. त्यांनी कराडहून दिल्ली आणि तिथून पुढं जम्मू अशी तिकिटं काढून टाकली. काकींनी ट्रंकेतले स्वेटर काढून उन्हात घातले आणि चांगल्या चाळीस अंशात अंगणात कानटोपी घालून बघितली. ती त्यांना शोभतही होती.

आणि एका दुपारी आटपाडीकडचा जयराज डाळिंबवाला ऑफिसात येऊन उभा राहिला. मी तिथंच प्रिंटरच्या नावानं बोटं मोडत बसलो होतो.

"माझ्या तळ्यात कागद कवा पडणार?"

रेश्मानं फोन बघितला. "दादा, तुमचं तर झालंय."

"झालंय? मग माझं तळं ह्या डबड्यातच हाय का? तिकडं खड्ड्यात तर शेरडं हिंडत्यात!"

संध्याकाळी सगळी टोळी आबांच्या घरी पुढच्या सोप्यात गोळा केली. आबा फौजी आवाजात गरजले, "धनाजी, जयराजचं काम झालं म्हणून कुणी लावलं?"

"मी लावलं," धनाजी शांतपणे म्हणाला. "तुमी फोन करून ईचारलासा, झालं का? मी म्हणलं, झालं म्हणून समजा. मग कार्ड तिकडं सारायला नगं?"

इमामनं मान डोलावली. "मी बी तसंच करतोय. तुमी वाट बघताय म्हणल्यावर चालू हाय म्हणून ठेवायला बरं वाटत न्हाई."

कोणतं कार्ड कुणी सारलं याची नोंद सॉफ्टवेअर ठेवतं. मी ती उघडली आणि तोंड दाबून हसलो. निम्मी कार्डं खुद्द आबांनीच सारली होती. शेतकऱ्याचा फोन आला की हे 'झालं म्हणून समजा' म्हणणार आणि इमानदारीत कार्ड 'झालं'मध्ये टाकणार.

आबांचा पारा चढला. सॉफ्टवेअर फेकून द्या, तिकिटं परत करा, माझ्यावाचून हितं पान हलत न्हाई, असं बरंच. माझंही डोकं फिरलं. मी म्हणालो, "सॉफ्टवेअरनं काय केलं? तुम्ही जे सांगितलं ते त्यानं ऐकलं. तुमच्याच शब्दावर भरवसा ठेवला हा त्याचा गुन्हा!" बोललो आणि जीभ चावली. आबा माझ्यापेक्षा वयानं केवढे.

चहाचा ट्रे घेऊन आलेल्या काकी दारातच थांबल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ही पोरं खोटारडी न्हाईत. तुमच्या हाताखाली शिकल्याती."

 मग रेश्मा मला म्हणाली, "सर, ह्यात आणखी एक रकाना घालता येतो का?"

येत होता. मी 'चालू आहे' आणि 'झालं' यांच्या मध्ये चौथा रकाना घातला आणि रेश्मा सांगेल तसं त्याच्या डोक्यावर लिहिलं, 'झालं म्हणून समजा'. सगळे हसले, आबासुद्धा मिशीत. मग एकेक जण फोन काढून आपली कार्डं मागं सारू लागला, तसं हसू ओसरत गेलं. 'झालं'मध्ये मोजकी चार कार्डं उरली. बाकी सगळा हंगाम चौथ्या रकान्यात उभा होता. खरं काय ते आम्हा सगळ्यांना पहिल्यांदाच एकदम कळलं. इमामनं नियम घातला की कागद घातलेल्या तळ्याचा फोटो टाकल्याशिवाय कार्ड चौथ्यातून पुढं जाणार नाही. ते सॉफ्टवेअर आम्ही पक्कं केलं ते या चौथ्या रकान्यासाठी. बनवणाऱ्याला हे कळलं तर तो चक्कर येऊन पडेल.

त्यानंतर काम खरंच सुरळीत चाललं. माणूस कुठं आहे, कागद कुठं आहे, फळ्यावर दिसायचं. फोन कमी वाजू लागला, आणि आबा मधूनमधून तो बंद तर पडला नाही ना हे बघू लागले.

निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. पहाटे माझ्याच गाडीतून कराड स्टेशनला जायचं होतं, आणि प्रवासात फळा कसा बघायचा हे आबांना एकदा समजावून द्यायचं होतं. पिशव्या भरून झाल्या होत्या. आबांनी सवयीनं फळा उघडला आणि त्यांचा हात थांबला. जयराजच्या कार्डावर इमामनं लिहिलं होतं, 'ह्या आठवड्यात न्हाई होणार. मशीनचं हीटर जळालंय.'

असं सरळ 'न्हाई' आमच्या फळ्यावर त्याआधी कुणी लिहिलं नव्हतं. जयराज आधीच एकदा फसलेला. आबा त्याला झालं म्हणून समजा म्हणणार, मग तो शब्द राखायला इथंच थांबणार, कुठून तरी दुसरं मशीन आणणार आणि स्वतः आटपाडीला जाऊन उभे राहणार, हे मला लख्ख दिसलं. काकींनाही दिसलं असावं. त्यांनी आबांच्या चेहऱ्याकडं एकदाच बघितलं. पिशवीची चेन उघडली आणि एकेक स्वेटर काढून परत कपाटात ठेवायला लागल्या. मला ते बघवेना. मी उगीच खिडकीबाहेर बघत बसलो.

आबांनी फोन लावला.

"जयराज, हंबीरराव बोलतोय." त्यांनी फोन दुसऱ्या कानाला घेतला. "तुझं काम ह्या आठवड्यात न्हाई व्हायचं. न्हाई, समजूबिमजू नगंस. न्हाई म्हंजे न्हाईच. मशीन जळालंय. नीट झालं की इमाम येऊन करील. मी बायकोला घिऊन गावाला चाललोय."

पलीकडून जयराजनं दोन कचकचीत शिव्या दिल्या, त्या मलाही ऐकू आल्या. मग म्हणाला, "बरं, सांगितलासा ते बरं केलं. मी उगंच गडी थांबवून ठिवलं असतं. जावा तुमी."

आबांनी फोन खाली ठेवला. काकी कपाटापाशी हातात स्वेटर धरून उभ्या होत्या.

"न्हाई म्हणलासा?"

"म्हणलं."

त्या कॉटवर बसल्या. डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

"आवं, सगळ्या मुलखाला व्हय म्हणत आलासा," त्या म्हणाल्या, "तवा त्या सगळ्यांची 'न्हाई' माझ्या एकटीच्या वाट्याला येत हुती. आज पयल्यांदा ती दुसऱ्या कुणाला तरी दिलासा."

 आबा उठले, त्यांनी काकींच्या हातातला स्वेटर घेतला आणि फौजेत शिकवतात तशी चौकोनी घडी घालून पिशवीत ठेवला.