लॉजखालचा खड्डा

आधीच सांगते, हसायचं नाय. हसलात तर चहा अर्धवट सोडून उठून जाईन. माझ्या हातून जे झालं ते आठवलं तरी अजून माझं डोकं फिरतं, आणि तुम्ही दात काढणार हे मला पक्कं माहीत आहे.

माझं काम असं, की समुद्रात त्सुनामी उठली तर किनाऱ्यावरच्या गावात पाणी कुठवर घुसेल, हे कॉम्प्युटरवर आधीच काढून नकाशा करायचा. आणि आमचं ऑफिस कुठं? उस्मानपुऱ्यात! इथून समुद्र बघायचा तर आख्खा दिवस प्रवासात जातो. पडेगावहून येताना रिक्षावाले चाचा रोज विचारतात, "क्या मॅडम, आज कौनसा गाव डुबाया?" वर टोमणा, "नल कू आठ-आठ दिन पानी नई, और तुम समंदर का हिसाब करते!" असा राग येतो! काम समजत नसेल तर माणसानं गप बसावं की नाय?

तर कोकणातल्या एका गावाचं काम आलं. नाव सांगत नाही, तिथं तोंड दाखवायची सोय राहिली नाय. लाट आली तर लोकांनी पळत जाऊन चढायला एक उंच निवारा बांधायचा होता. तो कुठं, हे माझ्या नकाशावरून ठरणार. म्हणजे मी चुकले तर माणसं मरतील, इतकं सरळ.

आता लाटेचं गणित कॉम्प्युटर करतो, पण जमीन कुठं उंच, कुठं सखल, हे आपल्यालाच भरावं लागतं. तिकडं कितीतरी घरं रस्त्याच्या खाली उतारावर. कुठलं घर रस्त्यापासून किती खोल, ते मोजून हवं होतं. मी ऐटीत फॉर्म केला: घर नंबर, मालकाचं नाव, मजले, खोली. गावातले एक रिटायर्ड गुरुजी तयार झाले. भर उन्हात, दुखऱ्या गुडघ्यांनी घरोघर फिरले आणि फॉर्म भरून पाठवले.

मी आकडे टाकले, लाट सोडली. बघते तर काय! पाणी बंदरावरून आलं, बाजारातून वळलं आणि सगळंच्या सगळं एका लॉजमध्ये शिरून गायब! खाडीकाठचा कोळीवाडा कोरडा ठणठणीत.

आमचे सर म्हणाले, "हे काय? लॉजखाली बावीस मीटरचा खड्डा?"

आता 'बघते सर' म्हणायला काय जात होतं माझं? पण माझ्या कामावर शंका घेतलेली मला खपत नाही. फाडकन म्हणाले, "तळघर असेल! चोरून खोदलं असणार. लॉजवाल्यांचा काय भरवसा?"

सरांनी तेच नगरपरिषदेला कळवलं. नगरपरिषदेनं लॉजमालकाला नोटीस धाडली, बेकायदा खोदकाम, खुलासा करा. तिसऱ्या दिवशी मला फोन.

"खड्डा शोधणाऱ्या बाई तुम्हीच काय?"

"मीच. बोला."

"दोन दिवस माणसं येऊन पलंग सरकवतायत, फरशा ठोकून बघतायत. गिऱ्हाईक पळालं माझं! कुठे आहे तो खड्डा? तुम्ही या, आणि त्यात पडून दाखवा मला!"

"ओ, आवाज खाली! आमच्याकडं मोजमाप आहे, मोजमाप!"

"कोणी मोजलं?"

कोणी म्हणजे? गुरुजींनी! माझा पारा लई चढला. तसाच त्यांना फोन लावला.

"गुरुजी, काही वाटतं की नाय? घरी बसून आकडे ठोकून दिले ना?"

गुरुजी म्हणाले, "मॅडम, जन्मभर शिकवलं, खोटा आकडा कधी लिहिला नाही. लॉजच्या बावीस मी स्वतः मोजल्यात. एकेक दार उघडून."

"दार? दार उघडून कोण मोजतं?"

"मग बाहेरून कशा मोजणार? चार बंद होत्या, त्यांच्या चाव्या मालकाकडून मागून घेतल्या."

"चाव्या कशाला?"

"अहो, खोलीला कुलूप असतं ना!"

मी फॉर्म समोर ओढला. मजले, खोली. 'रस्त्यापासून' लिहिलेलं नाय, 'मीटर' लिहिलेलं नाय. मजल्यानंतर खोली विचारल्यावर कोणता शहाणा माणूस टेप घेऊन अंगण मोजेल? ज्याच्या घरात खोल्या जास्त, तो माझ्या नकाशात तितका खोल. कोळीवाड्यात एकेका खोलीची घरं, म्हणून ती उंचावर आणि कोरडी!

गुरुजी हळूच म्हणाले, "मॅडम, कोळीवाड्यात साध्या उधाणालाही पाणी शिरतं. तो कोरडा धरलात तर निवारा भलतीकडेच जायचा. माझे निम्मे विद्यार्थी राहतात तिथे, पोराबाळांसकट."

राग तर अंगात मावत नव्हता, पण काढायचा कुणावर? स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. गुरुजींची माफी मागितली. सरांपुढं जाऊन खरं सांगितलं, लॉजमालकाची नोटीस मागं घ्यायला लावली. नवा फॉर्म केला: 'घराचं अंगण रस्त्यापासून किती मीटर खाली आहे?' गुरुजी तेच गुडघे घेऊन तीच घरं पुन्हा फिरले. एका शब्दानं बोलले नाहीत.

पुन्हा लाट सोडली, तर सगळ्यात आधी कोळीवाडा पाण्याखाली. निवारा आता त्याच्याच मागच्या टेकाडावर बांधायचं ठरलंय, म्हाताऱ्यांनाही चालत गाठता येईल असा.

नव्या फॉर्मांच्या गठ्ठ्यावर माझा पहिला फॉर्म टाचलेला होता. 'खोली' या शब्दाभोवती लाल गोल, आणि खाली वळणदार अक्षरात गुरुजींचा शेरा: "प्रश्न अपूर्ण. दुसऱ्या प्रयत्नात प्रगती समाधानकारक. रागावर नियंत्रण आवश्यक."

नियंत्रण आवश्यक म्हणे! मला! असं डोकं सणकलं, की तो कागद मी तिथल्या तिथं टराटरा फाडून टाकला.