सुनीताच्या आईचा घेवडा

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा तेवढं वगळूनच बोलते. आज तुम्हाला सांगते आहे — का, ते विचारू नका.

कर्जतजवळच्या आमच्या गावात माझा हातगुण चांगला समजतात. कोणाला कारलं-भोपळा लावायचा असला की पहिलं बी मी टोचायचं. सोळा वर्षं मी परसात वांगी, गवार, दोडकी पिकवली, तीही टँकरच्या गावात. सासूबाईंनी सगळं खाल्लं. चांगलं म्हटलं? एकदाही नाही.

आणि मग धाकटी जाऊ आली. सुनीता. दिराची पुण्यातली कंपनी बंद पडली आणि दोघं गावी परतली, ती नेमकी गणपती उठल्यावर. चुली वेगळ्या, अंगण एकच. आल्या-आल्या तिनं आपल्या बाजूला वाफे काढले. आता? पाऊस सरत आला, लोकांचे वेल वाळायला लागले आणि ही बाई माती उकरतेय! मी पदराआड हसले. तिनं कुठून तरी झेंडूची रोपं आणली, मेथी टाकली, भांडी धुतलेलं पाणी घातलं. दिवाळीत झेंडू असा काही फुलला की — खरं सांगू? माझ्या पोटात दुखलं. सासूबाई परडी घेऊन तिच्या वाफ्यात उभ्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतायत, "धाकटीनं अंगनाला कळा आनली बगा."

सोळा वर्षं ज्या एका वाक्याची मी वाट पाहिली, ते तिला दीड महिन्यात मिळालं. मी जळले. दुसरा शब्द नाही त्याला.

भाऊबीज झाल्यावर ती माझ्याकडे आली. हातात फडक्याची पुरचुंडी. तिची आई त्याच उन्हाळ्यात गेली होती. आईनं राखेत घोळवून ठेवलेलं घेवड्याचं मूठभर बी तेवढं उरलं होतं. "ताई, लई उशीर झालाय, ठावं हाय मला," ती म्हणाली. "पन तुमच्या हातानं लावलं तर यील. म्या न्हाई हात लावायची."

आणि मला काय सुचावं? घेवड्याचं बी लावण्याआधी भिजत घालतात. मीही घातलं — पण बंबातल्या कढत, वाफाळत्या पाण्यात. बोलूनच टाकते: मी ते बी शिजवलं. तेवढ्यावर थांबले असते तर एक वेळ — नाही, तरीही नाहीच. पाणी ओतण्याआधी मी त्यातल्या सात बिया काढून पदराला बांधल्या होत्या. तिच्याकडे नसावं, एवढंच मनात नव्हतं. माझ्याकडे असावं, हेही होतं.

दुसऱ्या दिवशी तिच्यादेखत, तिच्याच वाफ्यात, ते मेलेलं बी मी टोचलं. तिनं वर हळद-कुंकू वाहिलं. पुढे पंधरा दिवस ती रोज सकाळी ओणवी होऊन माती बघायची. शेवटी बोटानं उकरलं, तर नुसता कुजका लगदा. "उशीर झाला गं," मी म्हणाले, "थंडीत कुठलं उगवतंय." तिनं डोळे पुसले. "तुमी तरी काय करनार, ताई? माज्याच नशिबात न्हाई." वर माझीच समजूत घालून गेली. त्या दिवशी मी पोटभर जेवले, हेही सांगते.

सात बिया मी पुढच्या आषाढात मळ्यातल्या विहिरीवर लावल्या. आमच्या वाटणीच्या मळ्याकडे ती फिरकत नाही. सातही उगवल्या.

गेल्या हिवाळ्यात तो घेवडा मी शिजवला होता आणि सुनीता अचानक आली. बस म्हटलं, ताट वाढलं. पहिल्याच घासाला तिचा हात थांबला. "ताई, ही आईच्या घेवड्याची चव हाय!" मी म्हणाले, बाजारातला आहे. कोणाकडून घेतला, बी मिळेल का, असं ती विचारत राहिली. ओळखीची बाई नव्हती, मी म्हणाले.

त्यानंतर हिवाळा संपेपर्यंत ती दर आठवड्याला कर्जतच्या बाजारात जायची. घेवडा घेऊन बसलेल्या प्रत्येकीपुढे वाकायची, शेंग मोडून वास घ्यायची. रिकामी पिशवी घेऊन परत आली की पाणी प्यायला माझ्याच ओट्यावर टेकायची. त्याच घेवड्याच्या बियांचा डबा तिच्या मागच्या फळीवर होता.

मी तिला पाणी द्यायचे.