दोन पट्ट्यांमधला आवाज

माझे दीर जीवनभाऊजी बऱ्हाणपुरात बसून जुन्या नाचाच्या बँडच्या तबकड्या ऐकतात. त्यांवर बँडचं नाव असतं, गाणाऱ्याचं नसतं. भाऊजी आवाजावरून ओळखतात. गोव्याच्या एका बाईंनी तबकडीसोबत आजीच्या गाण्याची घरगुती कॅसेट पाठवली. तबकडीवर आजीच गातेय का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. भाऊजींनी ‘नाही’ कळवलं.

एकादशीला मी भजनाची पेटी काढली, तेव्हा तीच तबकडी चालू होती.

“भाऊजी, तुमच्या तबकडीतला पियानो पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधे वाजतोय.”

“पेटीच उतरली असेल, वहिनी.”

“कालच सुरात लावून आणली. तुमची तबकडीच हळू फिरते.”

त्यांनी वेग वाढवला. पियानो पेटीशी जुळला आणि कॅसेटमधला आवाज तबकडीत सापडला. त्यांनी लगेच गोव्याच्या बाईंना फोन लावला.

“चूक माझी. त्या तुमच्याच आजी.”

बाईंनी ते गाणं फोनवरूनच ऐकवायला सांगितलं. मी आरती थोडी थांबवली.