पिवळं पुट चढलेलं पोटॅशियम

नल्लकुंटा वस्तीत राहणाऱ्या गीताताई आमच्या प्रयोगशाळेत एकवीस वर्षं मदतनीस आहेत. बंद बुटांऐवजी चप्पल घालून आलेल्या भल्याभल्यांना त्यांनी दारातून परत पाठवलंय. त्यांना कशाचीच भीती वाटत नाही, असं मी समजत होते. मूर्ख होते मी.

मी ज्याच्यावर संशोधन करते तो रेणू म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या बेंझिनच्या कड्या. कडेला अणूंची दाटी झाल्यामुळे तो पिळलेल्या फडक्यासारखा वळलेला असतो. पोटॅशियमने त्याला एक इलेक्ट्रॉन दिला की लाल द्रावण हिरवं होतं आणि पीळ थोडा सैलावतो. दुसरा दिला की द्रावण जांभळं होतं. तेव्हा पिळाचं काय होतं, ते मला स्फटिक वाढवून बघायचं होतं. त्या शुक्रवारी दुपारी नेमकं ताजं पोटॅशियम संपलं. कपाटात मागे तेलात बुडवलेल्या तुकड्यांची बाटली सापडली. तुकड्यांवर पिवळं पुट होतं. खरवडलं की झालं, म्हणून मी एक तुकडा तेलाच्या बशीत काढला आणि सुरी हातात घेतली.

"योगिनी, हात मागे घे! हळू! हात नक्को लावू त्याला!"

दारात गीताताई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. त्यांनी मला दंडाला धरून बाहेर ओढलं. "जुनं पिवळं पोटॅशियम सुरी लागली की बॉम्बसारखं फुटतं गं पोरी. डोळे गेले असते." मग त्यांनी दार ओढून घेतलं आणि त्यालाच पाठ लावून उभ्या राहिल्या.

प्रयोगानंतर उरलेला पोटॅशियमचा तुकडा त्याच दिवशी अल्कोहोलमध्ये नष्ट करायचा, असा आमच्याकडे नियम. ते काम ताईंचं. दोन वर्षांपूर्वी ते करताना भांड्याने पेट घेतला आणि त्यांच्या भुवया जळाल्या. आम्ही महिनाभर चिडवलं, त्याही हसल्या.

ताईंचा आवाज ऐकून प्रयोगशाळेचे प्रमुख नामदेवराव सर धावत आले. मागोमाग त्यांनी बोलावलेला सुरक्षा विभागाचा माणूस हेल्मेट चढवत आला. "किती जुनं आहे? किती तुकडे?" त्याने विचारलं. बाटलीवर चिठ्ठी नव्हती. कुणालाच माहीत नव्हतं. तो तसाच आत निघाला.

"थांबा भैया," ताई म्हणाल्या. "दोन वर्षांचं आहे. सतरा तुकडे. मीच लपवले. त्या आगीनंतर अल्कोहोलात टाकायचा धीरच झाला नाही. वहीत मात्र दर वेळी 'नष्ट केला' म्हणून सही केली."

तो माणूस जागीच थांबला आणि त्याने सगळा मजला रिकामा करायला सांगितला. सरांनी ताईंकडे बघितलंसुद्धा नाही. जिना उतरताना ताईंनी गळ्यातलं ओळखपत्र काढून सरांच्या हातात दिलं, आणि मी धरलेला ताईंचा दुसरा हात सोडला नाही.