कुत्र्याची दाढ आणि फ्रिजवरचा तक्ता

माझी स्वतःची दाढ दोन वर्षं किडलेली होती, तिचं मी लवंगेवर भागवलं. आणि सौदीत दम्मामला ड्रायव्हर म्हणून आल्यावर रोज सकाळी काम कोणतं, तर साहेबांच्या कुत्र्याचे दात घासायचं.

साहेब-मॅडम पुण्याचे. त्यांच्याबद्दल वाईट बोललो तर जीभ झडेल. अम्मीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं तेव्हा मी तोंड उघडायच्या आधीच मॅडमनी सुट्टी दिली होती. सातवीतून शाळा सोडलेल्या माणसाला एवढं कोण विचारतं?

गेल्या हिवाळ्यात वडील आजारी म्हणून मॅडम महिनाभर पुण्याला गेल्या. जाताना फ्रिजवर तक्ता चिकटवला. "दादा, ब्रश झाला की रोज एक खूण करा. हिरड्या सुजल्यात त्याच्या. आता हयगय झाली तर दाढ जाईल, असं डॉक्टर म्हणालेत."

कुत्रा जबडा असा आवळायचा की ब्रश आत जाईना. लाळ माझ्या मनगटापर्यंत. आम्हा मुसलमानांत कुत्र्याची लाळ लागली की हात सात वेळा धुवायचे, त्यात एकदा माती लावून. बाहेरच्या नळाशी मी वाळूचा डबाच ठेवला होता. चौथ्या धुण्याला साहेबांचा आवाज यायचा, "यल्ला, चला, उशीर होतोय." हातमोजे आणले, ते कुत्र्याने पहिल्याच दिवशी फाडले. माझ्या खोलीत राहणारा रायगडचा स्वयंपाकी म्हणायचा, "बापाचे पाय कधी चेपलेस का रे एवढ्या मायेने?"

आठव्या दिवशी माझं डोकं फिरलं. गावच्या कुत्र्यांचे दात कोण घासतं? हाडं चघळतात, दात पांढरेशुभ्र. खाटकाकडून बकऱ्याच्या नळ्या आणल्या. कच्चं पोटाला बाधेल म्हणून चांगल्या उकळल्या. कुत्रा खूश, माझे हात कोरडे. तक्त्यावर खूण केली. मग रोजच हाड आणि रोजच खूण.

मॅडम यायच्या दोन दिवस आधी तो एकाच बाजूने खायला लागला. लांबूनच काडीने त्याचा ओठ वर करून पाहिलं, तर डावीकडची वरची मोठी दाढ उभी चिरलेली. नोकरी गेली तर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवानाच गेला, आणि अम्मीला काय तोंड दाखवू?

एअरपोर्टवरून घरी येताना मॅडमनी मागून विचारलं, "तक्ता भरलात ना?"

"भरला."

पुढच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मी आरशात न बघता म्हणालो, "तक्ता भरला, मॅडम. दात नाही घासले." मग लाळेचं, हाडाचं, चिरलेल्या दाढेचं सगळं सांगितलं. सिग्नल सुटल्यावर त्यांनी कुत्र्याच्या डॉक्टरांना फोन लावला.

दाढ काढावी लागली. उकळलेलं हाड दातांना फार वाईट, असं डॉक्टर म्हणाले. परतताना मॅडम म्हणाल्या, "हाडाचं मी समजू शकते. या खुणा का केल्यात? लाळेचं आधी सांगितलं असतंत तर ब्रश साहेबांनी केला असता."

सांगणार कसं? ज्यांचं मीठ खातो त्यांना हे काम नको म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

आता ब्रश मॅडमच करतात. मी पट्टा धरून उभा राहतो. कुत्रा अजून तसाच झगडतो, साहेब अजून यल्ला म्हणतात, लाळ उडेल म्हणून माझा अजून तसाच जीव जातो. खूण मात्र त्या मलाच करायला लावतात. आधी त्याच्या तोंडात बघा, म्हणतात. मी बघतो. डावीकडे वर रिकामी जागा आहे. मग खूण करतो.